दोन बोटी आणि मधला रस्ता

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

जूनमध्ये तुम्ही इकडे आलात की आयोना बेटावर जायचं, हे माझ्याकडून पक्कं. आई, ‘बोट’ म्हटलं की फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून मागच्या आठवड्यात मीच जाऊन आले. खरं सांगते, समुद्राचं काही नाही. दमवतो तो मधला रस्ता.

पहिली बोट स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानहून मल बेटावर जाते. तुझ्या डोळ्यांसमोर येतं तसलं होडकं नाही ते. बसगाड्या आणि ट्रकसुद्धा तिच्या पोटात मावतात. गाडी खाली लावायची, हँडब्रेक ओढायचा आणि वर जाऊन काचेशी बसायचं. बोट चालू असताना गाडीत थांबू देत नाहीत. पाऊण तासाचा प्रवास. लिझमोरचा दीपस्तंभ मागे पडला की समोर ड्युअर्टचा किल्ला दिसतो. बाबा काही आत बसायचे नाहीत, त्यांना कानटोपी लागेल.

क्रेग्न्यूरला उतरल्यावर मल बेट आडवं ओलांडून फिओनफोर्टला जायचं. अंतर साठेक किलोमीटर, पण सव्वा तास तरी धरा. रस्ता बहुतेक ठिकाणी एकाच गाडीपुरता आहे. थोड्या थोड्या अंतरावर बाजू द्यायला जागा केलेली असते. ती आपल्या डाव्या हाताला असेल तर आपण आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा वळसा घालून जातो. जाताना प्रत्येक जण हात वर करतो, आपणही करायचा. मेंढ्या मात्र कुणालाच बाजू देत नाहीत. वळणं पुष्कळ आहेत, तेव्हा आई पुढच्या सीटवर. बाबा, नकाशा मागे बसूनही वाचता येतो.

फिओनफोर्टला आपली गाडी ठेवायची, कारण पाहुण्यांच्या गाड्या आयोनावर नेता येत नाहीत. दुसरी बोट छोटी, दहा मिनिटांची. किनाऱ्याच्या उतारावर तिची फळी टेकते आणि आपण चालत चढतो. पायऱ्या नाहीत, म्हणजे गुडघ्यांची चिंता नाही. उतार ओला असतो, तेवढे बूट चांगले हवेत. वारा फारच असला तर ही बोट सोडत नाहीत. म्हणून परतीच्या दिवशी पुढचं काही ठरवायचं नाही, हे मी आधीच मनाशी ठरवलंय.

आयोना जेमतेम पाच किलोमीटर लांब. इ.स. ५६३ मध्ये आयर्लंडहून कोलंबा नावाचा साधू इथे आला आणि त्यानं मठ उभारला. ८०६ मध्ये व्हायकिंगांनी इथे ६८ भिक्षूंना मारलं. आजचं मठाचं चर्च त्यानंतर कितीतरी शतकांनी बांधलेलं आहे, पण त्याच्यासमोरचा सेंट मार्टिनचा दगडी क्रूस आठव्या शतकातला, आणि अजून आपल्या मूळ जागी उभा! बाबा तिथून लवकर हलणार नाहीत. धक्क्यापासून तिथवर आपल्या चालीनं पंधरा-वीस मिनिटं, वाटेत जोगिणींच्या जुन्या मठाचे गुलाबी दगडी अवशेष लागतात. तिथे आई टेकू शकते.

बहुतेक लोक सकाळी येऊन संध्याकाळी परततात. एवढा प्रवास करून दोन-तीन तासांत माघारी फिरणं मला अजिबात पटत नाही. आपण रात्री राहू. शेवटची बोट गेल्यावर बेटावर माणसं उरतात ती मोजकीच, आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. उत्तरेच्या पांढऱ्या वाळूवर तेव्हाच जाऊ. रात्री गवतातून कॉर्नक्रेक पक्षी करकरत राहतो; बाबांची झोप आधीच सावध, त्यांनी तयारीनं यावं.

मोठ्या बोटीवर गाडीची जागा आधी राखावी लागते आणि उन्हाळ्यात ती लवकर भरते. तेव्हा तारखा या रविवारी फोनवर ठरवू. बाबा, त्याआधी दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून ठेवा. आई, मळमळीच्या गोळ्या तुझ्या डॉक्टरांना विचारूनच घे, त्याही रस्त्यासाठी.

तुमची,
धाकटी