अलीगढला अरबी शिकणाऱ्या मुलीस

चि. सलमा हिस,

अब्बांचा सलाम आणि अनेक दुआ.

तुझे पत्र पोचले. वर्गात अरबी वर्तमानपत्राचे पान पुढ्यात आले तेव्हा चार ओळीही धड वाचता आल्या नाहीत, आणि लहानपणीच कुराण पुरे केलेल्या मुलीवर ही वेळ यावी याचे फार वाईट वाटले, असे तू लिहितेस. बेटा, यात वाईट वाटून घेण्यासारखे काहीही नाही. मदरशात तू शिकलीस ते नाजिरा पठण होते, म्हणजे अर्थात न शिरता पाहून वाचणे. तिथे प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश ही स्वरचिन्हे छापलेली असतात आणि वाचणाऱ्याने त्यांच्यामागून जायचे असते. वर्तमानपत्रात आणि बहुतेक ग्रंथांत ही चिन्हे नसतातच. काफ, ते आणि बे एवढी तीनच अक्षरे समोर येतात. ती ‘त्याने लिहिले’ अशी वाचायची, ‘लिहिले गेले’ अशी, की ‘पुस्तके’ अशी, हे वाक्य पाहून तुलाच ठरवायचे असते. म्हणजे अर्थ आणि व्याकरण आधी लागते, उच्चार नंतर होतो. पहिली दोन वर्षे सर्फ (शब्दांची रूपे) आणि नह्व (वाक्यरचना) यांवर एवढा भर असतो तो यासाठीच, आणि तो भर मला अगदी योग्य वाटतो.

मी जेद्दाहच्या गोदामात इतकी वर्षे अरबांबरोबर हिशेब केले, भाव केले, पण ती बाजारातली बोली. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचे प्रवचन, सुरू झाला की निम्मा डोक्यावरून जात असे. गावातील मंडळींना मात्र वाटते की आखातात राहून आलेल्या माणसाला अरबी येतेच, मग त्यासाठी मुलीला विद्यापीठात कशाला पाठवायचे. तू जी शिकते आहेस ती ग्रंथांची अरबी कोणाच्याही घरात आपोआप येत नाही, अरबांच्याही नाही. त्यांची मुलेसुद्धा ती शाळेतच शिकतात. त्या भाषेचा सर्वांत मोठा व्याकरणकार सीबवैह हा इराणी होता. बसऱ्यात हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, शिकत असताना एका वाक्यात त्याची विभक्ती चुकली, उस्तादांनी भर वर्गात टोकले, आणि तेव्हापासून तो व्याकरणाकडे वळला, असे सांगतात. आठव्या शतकात त्याने लिहिलेला ग्रंथ आजही व्याकरणाचा आधार मानला जातो. म्हणून घरी कोकणी बोलणाऱ्या मुलीला ही भाषा जमेल का, ही शंका तू मनातून काढून टाक.

आता तुझ्या पत्रातील दुसरी गोष्ट, जी तू दोनच ओळींत लिहिलीस, पण जिने तुझी झोप उडवली असावी असे मला वाटते. इस्लामिक स्टडीजच्या तासाला हदीसच्या इतिहासावर युरोपीय अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप शिकवले, ते ऐकून तू अस्वस्थ झालीस आणि हे सगळे आपण ऐकावे की नाही असे तू मला विचारलेस. ऐकावे, आणि नीट लिहूनही घ्यावे. तुमच्याकडे धर्मशास्त्राची विद्याशाखा वेगळी आहे आणि इस्लामिक स्टडीज हा विभाग समाजशास्त्रांच्या विद्याशाखेत आहे, ही गोष्ट लक्षात ठेव. एका ठिकाणी दीन शिकवला जातो. दुसऱ्या ठिकाणी मुसलमानांचा इतिहास, त्यांचे कायदे, त्यांचे विचार आणि राज्ये पुराव्याने तपासली जातात. तुझी नमाज, तुझे रोजे या तपासणीने उणे होत नाहीत.

या आक्षेपांतला सर्वांत गाजलेला जोसेफ शाख्त यांचा. कायद्याविषयीच्या बऱ्याचशा हदीसींच्या इस्नाद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकले त्याच्या साखळ्या, पुढच्या काळात रचल्या गेल्या, असे त्यांनी १९५० साली मांडले. त्याला सविस्तर उत्तर दिले ते मुहम्मद मुस्तफा आझमी यांनी. ते उत्तर प्रदेशातील मऊचे. त्यांनी आधी देवबंदला आणि कैरोच्या अझहरला शिक्षण घेतले, मग थेट केंब्रिजला जाऊन १९६६ मध्ये हदीसच्या सुरुवातीच्या लेखनावर पीएच.डी. केली. जुनी हस्तलिखिते काढून, एकेका साखळीचा माग काढून त्यांनी वाद घातला. कोणाचे कितपत पटते ते तू पुढे स्वतः ठरव, पण ठरवण्याआधी दोघांचेही वाच. उत्तर द्यायचे तर मूळ मजकुरापर्यंत जावे लागते, आणि तिथे जाण्याची वाट तुझ्या त्या कंटाळवाण्या धातुरूपांमधूनच जाते.

होस्टेलमधील मुली पहाटेच्या फजरच्या नमाजीत तुला कुनूतची दुआ पढताना पाहून प्रश्न विचारतात, असेही तू लिहिलेस. तिथे बहुतेक सगळ्या हनफी आणि आपण कोकणातले शाफई, म्हणजे धर्मकायद्याच्या दोन वेगळ्या मजहबांचे, त्यामुळे हे होणारच. अरबांची गलबते ज्या किनाऱ्यांना लागत, तिथे हा शाफई मजहब रुजला. कोकणात, मलबारात आणि पुढे जावा-सुमात्रापर्यंत. मसऊदी हा बगदादचा प्रवासी ९१६ च्या सुमारास आपल्या कोकणातील चौल बंदराला येऊन गेला आणि तिथल्या मुसलमानांच्या मोठ्या वस्तीविषयी त्याने लिहून ठेवले आहे; हा उतारा तू कधीतरी मूळ अरबीतून वाचावास अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पण मला सांगायचे आहे ते खुद्द इमाम शाफईंविषयी. त्यांचा जन्म ७६७ सालचा, गाझाचा. मदिनेत ते इमाम मालिक यांच्याजवळ शिकले, बगदादला इमाम अबू हनीफांचे शागिर्द मुहम्मद अश-शैबानी यांच्याकडून हनफी फिक्ह, म्हणजे धर्मकायदा, शिकले, आणि नंतर दोघांशीही मतभेद मांडले. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत इजिप्तला गेल्यावर त्यांनी स्वतःचीच कितीतरी मते बदलली. बगदादची ती ‘कौल कदीम’ (जुनी मते) आणि इजिप्तमधली ती ‘कौल जदीद’ (नवी मते), अशी दोन्ही आपल्या फिक्हच्या ग्रंथांत आजही नोंदलेली सापडतात. ज्यांच्या मागे आपण उभे राहतो त्या इमामांनी आपले मत पुन्हा तपासण्यात कमीपणा मानला नाही, तर त्यांच्या मजहबातल्या मुलीने प्रश्न विचारायला का बिचकावे?

आणि मुलीचा विषय निघालाच आहे, तर जमातीत जे म्हणतात की हे पुरुषांचे काम, त्यांना करीमा मर्वझियांचे नाव सांग. अकराव्या शतकात त्या मक्केत सहीह बुखारी हा हदीसचा संग्रह शिकवीत असत, आणि खतीब बगदादींसारखा मोठा विद्वान हजला आला असता त्यांच्याजवळ बसून तो पढला.

आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी आहेत. उरुसाच्या वेळी आपण दर्ग्यावर जातो, पोलिसांची संदलची मिरवणूक पाहतो, गर्दीतून परत येतो, आणि तिथे निजलेल्या माणसाने कुराणावर अरबीत संपूर्ण तफ्सीर, म्हणजे भाष्य, लिहिली हे फार थोड्यांना ठाऊक असते. १४३१ मध्ये ते वारले. प्रत्येक सूरेच्या (अध्यायाच्या) आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्यांनी त्या त्या सूरेच्या आशयाला धरून वेगळा लावला आहे, आणि एका आयतीचा पुढच्या आयतीशी संबंध कसा जुळतो हे जागोजाग दाखवले आहे. माहीमच्या माणसाची ही तफ्सीर एकोणिसाव्या शतकात कैरोमध्ये छापली गेली. तुमच्या विद्यापीठाच्या आझाद लायब्ररीत ती नक्की असेल; यादीत शोध.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. परीक्षेच्या आधी उर्दूतल्या तयार गाइडा फिरतात, त्यांच्यावर विसंबू नकोस. आधी अरबी परिच्छेद स्वतः लाव, अडलेले शब्द वहीत काढ, आणि मगच उर्दू तर्जुमा उघड. हान्स वेअरच्या अरबी शब्दकोशासाठी पैसे तुझ्या खात्यावर टाकले आहेत. त्यात शब्द धातूनुसार लावलेले असल्यामुळे सुरुवातीला एकेक शब्द शोधताना वेळ जाईल. तो जाऊ दे, त्यातच सर्फ पक्के होईल. पुढच्या वर्षी हदीसचा पेपर घ्यावा की आधुनिक अरबी साहित्याचा, असे विचारले आहेस. अम्मीला साहित्य बरे वाटते, कारण त्यातून दुभाषाची नोकरी मिळेल. माझे मत हदीसच्या बाजूने आहे, पण दोन्ही विषय शिकवणाऱ्या उस्तादांना एकदा भेटून ये आणि काय ठरले ते महिनाअखेरपर्यंत कळव, म्हणजे फीची सोय करता येईल.

तुझे,
अब्बा