ओकीफ यांचे घर आणि एक काळे दार

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चित्रकार जिथे राहतो ती जागा त्याच्या चित्रांत खरोखर किती उतरते, असे तू विचारले आहेस. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांच्याबाबत मी एवढे ठामपणे म्हणेन की अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटाने त्यांना विषय तर दिलेच, पण चित्रातले अनावश्यक ते गाळण्याचे धैर्यही दिले. सगळे श्रेय मात्र वाळवंटाचे नाही. एकच फूल कॅनव्हासभर मोठे करून रंगवण्याची रीत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये असतानाच साधली होती.

१९२९ च्या उन्हाळ्यात त्या न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावी गेल्या आणि त्या मुलुखाच्या झाल्या. १९४० मध्ये त्यांनी तिथल्याच घोस्ट रँच येथे घर घेतले. तिथून सपाट माथ्याचा सेरो पेडरनाल डोंगर समोर दिसतो, आणि तो त्यांनी पुन्हापुन्हा रंगवला. कोरड्या हवेत दूरचा डोंगरही हातातल्या हाडाइतकाच रेखीव दिसतो. म्हणूनच १९४३ पासूनच्या चित्रांत जनावराच्या कटिहाडाच्या पोकळीतून दिसणारे निळे आकाश हाडाइतकेच ठोस वाटते. ही हाडे अनेकांना मृत्यूची खूण वाटतात, ओकीफ यांना मात्र ती तशी कधीच वाटली नाहीत, आणि चित्रे पाहिल्यावर मला त्यांचेच पटते.

घोस्ट रँचला भाजीपाला पिकवणे अवघड होते. ॲबिक्यू गावातल्या पडक्या घराला बाग आणि पाटाच्या पाण्याचा हक्क होता, शिवाय चौकाच्या लांब भिंतीत एक दार होते, ज्याने त्यांना कायमचे वेड लावले. १९४५ मध्ये ते घर हाती आले. त्यांच्या स्नेही मारिया शाबो यांच्या देखरेखीखाली ते कच्च्या मातीच्या विटांनी पुन्हा उभे राहिले, आणि पती आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या निधनानंतर, १९४९ मध्ये, ओकीफ कायमच्या तिकडे गेल्या. अशा भिंतींचा गिलावा तिथल्या बायका हातांनी करत, आपल्याकडे सारवण करत तसाच. त्यामुळे कोपरे बोथट राहतात आणि उन्हात भिंत हा एकच सलग रंग होतो.

त्या दाराची त्यांनी वीसहून अधिक चित्रे केली. काहींत दार केवळ एक काळा चौकोन आहे, भिंत एक रुंद पट्टा, आणि खालच्या फरशा लहान चौकोनांची रांग. कोणी याला अमूर्त म्हणेल, परंतु ज्या घरात भिंत आणि सावली याखेरीज फारसे काही नव्हते, तिथे रोज वावरणाऱ्या बाईचे ते प्रामाणिक निरीक्षण आहे, असे मला वाटते.

ती दारे कालक्रमाने लावून, शेजारीशेजारी ठेवून पाहा. कोणत्या चित्रात तुला घर अजून दिसते आणि कोणत्यात ते दिसेनासे होते, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
बाबा