गर्दीतला कुत्रा आणि त्याच्याकडे येणारे हात : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
सार्वजनिक कार्यक्रमांना परवानगी देणारे खाते

विषय : कार्यक्रमांत पाळीव कुत्रे आणण्यासंबंधीच्या अटींबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

कार्यक्रमाच्या परवानगीत कुत्र्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते : पाळीव प्राण्यांना प्रवेश आहे, किंवा नाही. आहे म्हटले की पट्टा आणि लसीचा दाखला पाहायचा, विषय संपला. आम्ही हे पत्र लिहिणारे कुत्र्यांना शिकवणारे, त्यांच्यावर उपचार करणारे आणि कार्यक्रमांची व्यवस्था लावणारे लोक आहोत. आमची तक्रार अशी की अटी सगळ्या कुत्र्यावर आहेत, आणि घोळ बहुधा सुरू होतो तो त्याच्याजवळ येणाऱ्या माणसांपासून. त्यांच्यासाठी परवानगीत एक शब्दही नसतो.

देखणा किंवा आकाराने मोठा कुत्रा गर्दीत आला की त्याचे प्रदर्शन होते, मालकाच्या मनात असो वा नसो. साधा हिशेब करा. तासाभरात चाळीस माणसे थांबली आणि प्रत्येकाने अर्धाच मिनिट घेतला, तरी तासातली वीस मिनिटे कुणी ना कुणी अनोळखी माणूस त्या कुत्र्याच्या अंगाशी असतो. फोटो काढणारे वेगळे. मालकाला कौतुक ऐकायला बरे वाटते, आणि नेमके तेव्हाच त्याचे कुत्र्याकडे लक्ष नसते.

एक हात डोक्यावर येतो तेव्हा काय घडते, ते जवळून पाहावे. माणूस समोरून येतो, वाकतो, हात वरून खाली येतो. कुत्रा आधी मान किंचित वळवतो. खाण्याचा पत्ता नसताना जीभ एकदा नाकावरून फिरते. झोप नसताना जांभई येते. कान मागे जातात, डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची कोर दिसू लागते. मग धापा थांबतात, तोंड मिटते आणि अंग ताठरते. इथून पुढे गुरगुरणे किंवा थेट दात. हा सगळा प्रवास कधी दोन-तीन सेकंदांत उरकतो, आणि तेवढा वेळ शेपूट हलतच असते, म्हणून बघणारे म्हणतात, 'किती खूश आहे बघा!' शेपूट हलते म्हणजे कुत्रा उत्तेजित आहे, एवढेच त्यातून कळते. सैल अंगाने, कमरेपासून डुलणारी शेपूट वेगळी आणि उंच, ताठ, बारीक थरथरणारी वेगळी.

मोकळा कुत्रा अशा वेळी चार पावले बाजूला होतो. पट्ट्यातल्याला ती सोय नाही. पुढे माणूस, मागे मालकाचे पाय, गळ्यात ताण. म्हणजे ज्या पट्ट्यावर आपली सगळी नियमावली विसंबली आहे, तोच त्याची पळवाट बंद करतो. पट्टा काढा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पट्टा हवाच. पण मग निसटायला जागा मालकाने आणि आयोजकाने करून द्यावी लागते. आणि एक : गुरगुरला म्हणून चारचौघांत कुत्र्याला फटका मारणारे मालक असतात. त्याने कुत्र्याचा राग जात नाही, फक्त इशारा देण्याची सवय मोडते. पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

हात लावायचा असेल तर रीत सोपी आहे, आणि ती प्रवेशद्वाराच्या फलकावर मावते. आधी मालकाला विचारा : 'काका, हात लावू का?' हो म्हटले तर कुत्र्यालाही विचारा. म्हणजे एक पाऊल दूर, थोडे तिरके उभे राहा, हात आपल्या मांडीशी ठेवा. तो स्वतः जवळ आला तर छातीवर किंवा हनुवटीखाली तीन सेकंद खाजवा आणि थांबा. पुन्हा अंगाला लागला तर अजून तीन सेकंद. मान फिरवली, जागच्या जागी थिजला किंवा मागे सरकला, तर ते 'नको' आहे. मिठी नाही, चेहऱ्याला चेहरा लावून सेल्फी नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे फार काटेकोर पाळावे लागते, कारण मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते आणि लहान मुलांना चावा बहुधा चेहरा, डोके आणि मानेवर बसतो.

आता साधनांकडे. गर्दीसाठी दीड ते दोन मीटरचा, न लांबणारा पट्टा. ओढ बसली की मुठीतून पाच-पाच, आठ-आठ मीटर सुटणारे पट्टे मिळतात, ते कार्यक्रमात येऊच देऊ नयेत. त्यांची बारीक दोरी लोकांच्या पायांत अडकते, हातात धरली तर कातडी सोलते. त्याहून वाईट म्हणजे मूठ हातातून निसटली की प्लास्टिकचे ते धूड खडखडत कुत्र्याच्या मागे येते. तो घाबरून पळतो, ते आणखी खडखडते, तो आणखी पळतो. गळपट्ट्याचेही तसेच. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो आणि डोके सोडवून घेतो. निमुळत्या डोक्याच्या जातींत तर मान डोक्याइतकीच रुंद असते. म्हणून छातीचा हार्नेस, गळपट्टा आणि दोघांना जोडणारी आखूड दुहेरी कडी. गळपट्ट्याखाली दोन बोटे जावीत, तीन नकोत.

मुसक्याबद्दल आपल्या खात्याने विशेष विचार करावा, कारण चांगल्या हेतूने केलेली सक्ती इथे अंगावर येते. 'सर्व कुत्र्यांना मुसके बंधनकारक' असे ऐनवेळी जाहीर झाले की मालक हाती लागेल ते विकत घेतात, आणि ते बहुधा जबडा घट्ट आवळणारे कापडी असते. ते दवाखान्यात दोन-चार मिनिटांच्या तपासणीपुरते ठीक. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातली उष्णता घालवतो. जबडा आवळला की ती वाट बंद. उन्हात तासभर असा उभा केलेला कुत्रा चावणार नाही, पण उष्माघाताने कोसळेल. मुसके हवे तर टोपलीसारखे हवे : आत तोंड पूर्ण उघडता आले पाहिजे, जीभ बाहेर आली पाहिजे, पाणी पिता आले पाहिजे. त्याची सवय व्हायला घरी आठवडा-दोन आठवडे लागतात. गेटवर बांधून ती होत नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर आकडे देतो. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. 41 च्या वर गेले की उष्माघात धरून चालायचे. बसक्या नाकाच्या जाती, म्हातारे आणि लठ्ठ कुत्रे तिथे फार लवकर पोहोचतात. हवा 25 अंश असताना उन्हातले डांबर 50 च्या पुढे जाऊ शकते. आपण बुटांत असतो, म्हणून कळत नाही. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवून बघा. टेकवत नसेल तर तिथे कुत्रा चालवू नये. कोसळलाच तर आधी गार करायचे, मग दवाखान्यात न्यायचे. सावलीत आणून अंगभर पाणी ओतत राहायचे आणि पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घालायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, तो थोड्याच वेळात तापतो आणि उष्णता आत कोंडतो.

आवाजाचा प्रश्न बंदोबस्तवाले डेसिबलमध्ये मोजतात, पण माणसाच्या कानाने. माणसाला सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला 45,000 च्या आसपासपर्यंत. स्पीकरची शिटी आपल्याला कानाला टोचते, त्याला किती टोचत असेल! मोकळ्या मैदानात साध्या स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. तीन मीटरवरचा कुत्रा चोवीस मीटरवर नेला तर 18 डेसिबलचा फरक पडतो, आणि त्यासाठी एक पैसा खर्च होत नाही. श्वानकक्षाची, म्हणजे कुत्र्यांसाठी राखलेल्या भागाची, जागा नकाशावर स्पीकरच्या पाठीमागे, शक्य तितकी लांब आखायची, बस्स. आतषबाजी असेल तर मात्र मधला मार्ग नाही. त्या कार्यक्रमाला कुत्रे नकोत असे परवानगीतच लिहावे.

दाखले तपासताना गेटवरच्या माणसाला नेमके काय पाहायचे हे कुणी सांगत नाही. रेबीजची पहिली लस साधारण बारा आठवड्यांच्या वयात देतात आणि ती लागू पडायला तीन आठवडे धरतात. काल टोचलेल्या पिल्लाचा कागद खरा असला तरी उपयोगाचा नाही. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा पंधरा आकडी क्रमांक दाखल्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे, नाहीतर दाखला कोणत्याही कुत्र्याचा असू शकतो. माजावर आलेली मादी आणू नये. तिच्यापायी आवारातले सगळे नर बिथरतात. लसी अपुऱ्या असलेली पिल्ले जमिनीवर उतरवू नयेत, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. यावर मालक म्हणतात की माणसांची सवय लहानपणीच लावायची असते. खरे आहे, तो काळ तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपासचा असतो. पण ती सवय गर्दीच्या काठावर, पिल्लू कडेवर घेऊन, दहा मिनिटांत लावता येते. मधोमध नेऊन पन्नास हातांत फिरवले तर माणसांची सवय लागण्याऐवजी भीती बसते.

मोठ्या कुत्र्यालाही पहिल्यांदा आणताना पंधरा मिनिटे काठावर उभे राहावे. त्याचा आवडता खाऊ पुढे करून बघावा. घरी झडप घालणारा कुत्रा इथे खाऊकडे बघतही नसेल, तर त्याच्या अंगावर ताण किंवा उष्णता जास्त झाली आहे. तिथून परत फिरायचे. दोन कुत्रे भेटवायचे असतील तर नाकासमोर नाक आणू नये. थोड्या अंतराने एकाच दिशेने चालवावे.

एवढे करूनही चावा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. माणसांतल्या रेबीजच्या जवळपास सर्व मृत्यूंमागे कुत्र्याचा चावा असतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे आयोजकांना उमगत नाही. एक लिटरची बाटली मिनिटभरात संपते. म्हणून आवारात साबणासह चालू नळ हवा. मग दुसरी बाब : चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. गर्दी पांगल्यावर तो शोधायचा कुठे? यासाठी प्रवेशावेळी मालकाचा फोन नंबर, दाखल्याचा क्रमांक आणि कुत्र्याचा फोटो नोंदवून हाताच्या पट्टीवर क्रमांक द्यावा. एवढी नोंद नसल्यामुळे माणसाला पूर्ण उपचार आणि मनात धास्ती, दोन्ही सोसावे लागते.

अंध व्यक्तीसोबतचा मार्गदर्शक कुत्रा या सगळ्यातून वेगळा धरावा. असे कुत्रे घडवणारी पहिली शाळा 1916 साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला, युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी निघाली. शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी काही गेटवर त्यांना अडवतात आणि आत आल्यावर लोक चुचकारतात. चुचकारणे जास्त धोक्याचे. त्या क्षणी कुत्र्याची नजर हलते आणि मालक पायरी चुकतो. 'हा कामावर आहे, बोलावू नका, हात लावू नका' हे स्वयंसेवकांना पाठ असायला हवे.

ज्या कुत्र्यांना अंतर हवे असते त्यांच्या पट्ट्याला पिवळी फीत बांधण्याची पद्धत 2012 पासून बऱ्याच देशांत पसरली आहे. कल्पना उत्तम, पण अर्थ माहीत नसला तर लोकांना ती सजावट वाटते आणि कौतुक करायला ते आणखी जवळ येतात. फलकाशिवाय फीत वाटूच नये.

तर आपल्याकडे मागणी अशी की परवानगीच्या अर्जाला एक पान जोडावे. त्यात आयोजकाने लिहून द्यावे : स्पीकरपासून श्वानकक्ष किती मीटरवर आहे, सावली आणि पाणी कुठे आहे, साबणाचा नळ कुठे आहे, नोंदणी कोण करणार, जवळचा पशुवैद्यक कोण, आणि 'कुत्र्याला आधी विचारा' हा फलक कुठे लागणार. येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा, निदान तीन मीटर रुंद, म्हणजे दोन कुत्रे एकमेकांना घासून जाणार नाहीत. साधारण वीस कुत्र्यांमागे एक माणूस असा ठेवावा, ज्याचे काम फक्त घोळका हटवणे. त्याने कुत्र्यांकडे बघायचेच नाही, माणसांकडे बघायचे. यातले काही जमत नसेल, तर त्या कार्यक्रमापुरती 'प्रवेश नाही' ही ओळ लिहायला आमची हरकत नाही.

आणखी एक विनंती, जरा संकोचाने. उद्घाटनाच्या वेळी व्यासपीठावर एखादा गोंडस कुत्रा आणून पाहुण्यांच्या हाती देण्याची टूम असते. माइक चालू, टाळ्या चालू, वीस कॅमेरे समोर, पायाखाली पोकळ वाजणारी फळी. कुत्रा तुमच्या कडेवर ताठ बसतो आणि तोंड तुमच्या कानापाशी असते. तो फोटो उद्या सगळीकडे फिरतो आणि पाहणारा प्रत्येक जण तसाच फोटो काढायला जातो. कुणी कुत्रा हाती द्यायला आले तर घेऊ नका. खाली उतरा, मालकाच्या बाजूला तिरके उभे राहा, फ्लॅश बंद करायला सांगा, आणि तो स्वतःहून तुमच्याकडे आला तर छातीवर तीन सेकंद खाजवा. नाही आला तर तसाच, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे असलेला फोटो छापू द्या.

आपले नम्र,
काही श्वानप्रशिक्षक, पशुवैद्यक आणि कार्यक्रम-व्यवस्थापक