राग कोणावर, चूक कोणाची?

महोदय,

ब्रिटनमध्ये स्थलांतरितांवरून तापलेले राजकारण पाहताना इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातले बोस्टन हे गाव आठवते. २३ जून २०१६च्या सार्वमतात तिथल्या ७५ टक्क्यांहून जास्त मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. देशातले हे सर्वाधिक प्रमाण. भाजीच्या शेतांत राबणारे पोलंड-लिथुआनियाचे मजूर लोकांच्या डोळ्यांत खुपत होते. २०१०पासून स्थानिक संस्थांच्या अनुदानाला कात्री लावली ती सरकारने, पण राग निघाला शेजारी भाड्याने राहणाऱ्या परक्यावर. सत्ताधाऱ्यांनाही ते सोयीचेच होते म्हणा!

पुढे युरोपातून येणारे घटले. मात्र रुग्णालयांना आणि वृद्धांच्या शुश्रूषेला माणसे हवीच होती. ती भारत, नायजेरियातून आली. विद्यार्थी आले, युक्रेनचे निर्वासित आले. जून २०२३पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा केल्यावरचा आकडा, ९ लाखांवर गेले. तेव्हा सत्तेवर होता तो हुजूर पक्षच. हा आकडा लाखाच्या आत आणण्याचे वचन एके काळी त्यानेच दिले होते. २०२४च्या निवडणुकीत त्याचा धुव्वा उडाला. आता तीच भाषा ‘रिफॉर्म यूके’ पक्षाचे नेते नायजेल फराज यांच्या तोंडी आहे आणि टाळ्याही तितक्याच पडताहेत.

– एक वाचक, सातारा