कोकणातल्या बेने इस्रायली दफनभूमी: सुशोभीकरण नको, आधी मोजणी करा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात राहिलेल्या पोलिश निर्वासितांची थडगी कोल्हापुरात आहेत. त्यांच्यासाठी पोलंडहून आजही माणसं येतात. रायगडातल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, थडग्यांमागे असा देश उभा नाही. इस्रायल झाल्यावर समाजातली बहुतेक घरं तिकडे गेली. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावंही गेली, पूर्वज इथेच राहिले. 2016 मध्ये राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण दर्जाने कुंपण होत नाही.

तरीही पहिल्या वर्षी सुशोभीकरणाला निधी देऊ नका. निधी आला की आधी जेसीबी येतो, मागोमाग पेव्हर ब्लॉक. जुन्या थडग्यांवर लेख नसतो, नुसते अनघड दगड रचलेले असतात. समाजाचे पूर्वज कोकणात येताना जहाज फुटून बुडालेल्यांना जिथे पुरलं असं समाज मानतो, त्या अलिबागजवळच्या नवगावातही मूळ खूण मातीच्या उंचवट्यांचीच. यंत्र चालवणाऱ्याला हे सगळं राडारोडाच वाटणार. शिवाय ज्यू रिवाजात थडगं कायमचं असतं. जागा पुन्हा वापरत नाहीत, हलवतही नाहीत. ‘स्थलांतर करू’ हा तोडगा तिथे लागूच होत नाही.

म्हणून आधी भूमी अभिलेखाकडून हद्दीची मोजणी, सातबाऱ्यावर दफनभूमीची नोंद आणि सिनेगॉगच्या विश्वस्तांची लेखी संमती. पाहणी पावसाळा संपून गवत वाळल्यावर करा. घाणेरी कोयत्याने जमिनीलगत छाटा. उपटली तर मुळांबरोबर दगड हलतो. प्रत्येक थडग्याला क्रमांक द्या आणि लेखाचा फोटो तिरप्या उन्हात घ्या, म्हणजे झिजलेली अक्षरं उठून दिसतात. मराठी मजकुराबरोबर हिब्रूही असतो, तेव्हा वाचणारा सोबत हवा. हिब्रू साल 5630 म्हणजे इसवी सन 1869-70. हे ठाऊक नसलं की यादीतली सालं चुकतात. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा काम बंद.

दुरुस्तीत सिमेंट नको, हे निविदेतच लिहा. जांभा पाणी पितो. सांध्यात सिमेंट भरलं की ओल दगडातून बाहेर पडते, समुद्राचं मीठ पृष्ठभागाखाली साचतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग, एवढं पुरे. शेवाळ काढायला पाणी आणि नरम ब्रश. ॲसिड, तारेचा ब्रश नको. अक्षरांत ऑइलपेंट भरणं तर नकोच. आमच्या जिल्ह्यात वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांना, असा रंग फासलेला दिसतो. खालची रेघ कुठली आणि रंगाऱ्याची कुठली, ते नंतर कळत नाही.

नोंदी झाल्या की नवगावपासून सुरुवात करून राज्य संरक्षित स्मारकाची प्राथमिक अधिसूचना काढा आणि हरकती मागवा. मोजणीचा आदेश मात्र या पावसाळ्याआधी निघावा.

आपले,
जुन्या दगडी वास्तूंच्या जतनाचं काम करणारे आम्ही काही जण,
कोल्हापूर