इकडे टॉप व्ह्यू वर काढतात

जॅक्सन हाइट्स, क्वीन्स
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला. बाबांना मशीन लावूनही फोनवर अर्धंच ऐकू येतं, आणि ही गोष्ट अर्धवट ऐकण्यासारखी नाही. म्हणून पत्र. बाबा, आधी तुम्ही वाचा, मग आईला मोठ्यानं वाचून दाखवा. आई, मध्येच गॅस बघायला उठू नकोस.

आम्ही पुढच्या मेमध्ये कायमचे परत येत नाही. सोनूची हायस्कूलची चारही वर्षं इथेच पूर्ण करायची, म्हणजे जून २०२९ पर्यंत, असं प्रसादनं आणि मी ठरवलंय. "वर्षभर बघू" म्हणाले होते, तेव्हा खोटं बोलले नव्हते. खरंच बघत होते. वरचा मजला तुम्ही रंगवून घेतलात, आईनं पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं, हे माहीत असूनही हे लिहावं लागतंय. गेले पंधरा दिवस मला नीट झोप नाही.

बाबा, मार्चमध्ये प्रवेशाचं कळवलं तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात: "सरकारी शाळेसाठी एवढं थांबायचं?" मला ते लागलं, कारण ते तुम्ही बोलत होतात. एकतीस वर्षं टेक्निकल हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. शिरोलीच्या फाउंड्र्यांत आणि उद्यमनगरात आजही जे लोक तुम्हाला बघून खुर्चीवरून उठतात, ते सगळे सरकारी शाळेतलेच ना? तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. आपल्या शाळेतली बंद पडलेली लेथ, न भरलेल्या जागा, हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच ही शाळा कशी आहे ते नीट सांगते.

सोनूची शाळा, ब्रुकलिन टेक, १९२२ साली एका जुन्या गोदामात सुरू झाली. अल्बर्ट कोल्स्टन नावाचे गणिताचे शिक्षक होते. ब्रुकलिनच्या मुलांसाठी वेगळी तांत्रिक शाळा हवी, ही कल्पना त्यांची आणि पहिले मुख्याध्यापकही तेच. गणित, विज्ञान आणि ड्रॉइंग पक्कं करायचं, म्हणजे मुलगा पुढे कॉलेजला जाऊ दे नाहीतर कामाला, कुठे अडणार नाही, असा त्यांचा आराखडा. तुमच्या तोंडून हेच वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलंय! आताची इमारत १९३३ची, बारा मजली, वर रेडिओचा मनोरा. तिच्यात खरी फाउंड्री होती, बाबा. मोल्डिंगच्या वाळूची जमीन, भट्ट्या, सगळं. मुलं आधी लाकडाचा पॅटर्न करायची, त्यावरून वाळूचा साचा, मग ओतकाम, आणि ओतलेला भाग मशीन शॉपमध्ये मापाला आणायची. हे मी प्रसादला सांगत होते तेव्हा नाकात तुमच्या खाकी शर्टाचा वास होता, तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा.

आता त्या जागी कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग आणि थ्रीडी प्रिंटर आलेत. पण विषय तोच. नववीतल्या सगळ्यांना डिझाइन आणि ड्राफ्टिंग शिकावंच लागतं. ऑक्टोबरात सोनूनं त्याचं पहिलं ड्रॉइंग तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि तुम्ही लिहिलंत, "टॉप व्ह्यू खाली हवा, उलटं काढलंय." तो हिरमुसला. मग सरांना विचारून आला. चूक दोघांचीही नव्हती. अमेरिकेत ड्रॉइंगची थर्ड अँगल पद्धत वापरतात, इकडे टॉप व्ह्यू, म्हणजे वस्तू वरून दिसते ते चित्र, कागदावर वर येतो. आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणून खाली. त्या रात्री तो दोन्ही पद्धतींनी तोच ठोकळा काढत बसला होता, साडेअकरापर्यंत. आजोबांना हे माहीत असणारच, म्हणत होता. तुम्हाला माहीतच असणार.

दहावीत इथे मुलं आपली शाखा निवडतात आणि अकरावी-बारावी त्या शाखेचे विषय जास्तीचे घेतात. आर्किटेक्चर, सिव्हिल, एअरोस्पेस, मेकॅट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर, बायोलॉजी, अगदी कायदा आणि समाज असासुद्धा विषय आहे. सोनूचं मन सध्या मेकॅट्रॉनिक्स आणि आर्किटेक्चर यांच्यामध्ये झुलतंय. मी काही बोलत नाही. तुम्हीही मत देऊ नका, त्याला ठरवू दे.

फी नाही, डोनेशन नाही, मुलाखत नाही, ओळख चालत नाही. प्रवेश फक्त एका परीक्षेवर. शहरात अशा परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या आठ शाळा आहेत. २५ हजारांहून जास्त मुलं बसतात आणि सगळ्या शाळा मिळून ४ हजारांच्या आसपास जागा. बाकी काही म्हणजे काही बघत नाहीत. आर्नो पेन्झियास इथलाच विद्यार्थी, १९५१ला बाहेर पडलेला. लहानपणी नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेलं कुटुंब, आणि त्या मुलाला १९७८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजही सोनूच्या वर्गातली कितीतरी मुलं अशीच, दुसऱ्या देशांतून आलेल्या आईबापांची. कुणाचे वडील टॅक्सी चालवतात, कुणाची आई नर्स आहे. खाजगी शाळेत त्याला ही मुलं भेटली नसती. मुलींना मात्र १९७०पर्यंत प्रवेश नव्हता, हेही तुम्हाला सांगते, कारण आपल्या वर्कशॉपमध्ये मी बाकावर बसून सगळं बघायचे आणि हात लावायला मिळायचा नाही म्हणून रडायचे, आठवतं?

आई, तुला अभ्यासाशी काही देणंघेणं नाही, पोर खातं काय आणि जातं कसं एवढंच हवंय. ऐक. आमच्या स्टेशनवरून मेट्रोची 'आर' गाडी थेट शाळेजवळच्या डीकॅल्ब अॅव्हेन्यूला जाते, कुठेही बदलावी लागत नाही. तास होतो, पण बसायला मिळतं. मुलांना शाळेकडून प्रवासाचं कार्ड फुकट, दिवसाला चार फेऱ्या. एकटा जात नाही, आमच्याच इमारतीतली दोन मुलं सोबत असतात. जेवण शहरातल्या सगळ्याच सरकारी शाळांत २०१७पासून मोफत आहे, शुक्रवारी मांसाहार नसतो. तरी मी पोळीची गुंडाळी देते, बटाट्याची नाहीतर तुझ्या मेतकुटाची, आणि डबा रिकामा येतो. मोबाइल या सप्टेंबरपासून शाळाभर बंद, राज्याचाच कायदा झालाय. म्हणून दिवसा तुझ्या मेसेजला उत्तर येत नाही. रुसलेला नाही तो. दिवाळीला शाळेला सुट्टी होती, शहरानंच जाहीर केलेली. अभ्यंगस्नान झालं, तू पाठवलेलं उटणं लावलं, चकल्या माझ्या थोड्या मऊ पडल्या.

आता जे सांगते त्यावर ओरडू नकोस. तो कुस्तीत गेलाय. लाल मातीत नाही, मॅटवर. कानांना पट्टा लावून खेळतात, डॉक्टरांचा फॉर्म आणि आमची सही असल्याशिवाय मॅटवर पाऊलही ठेवू देत नाहीत, आणि विषयांत नापास झालं की खेळ बंद. शाळेत पोहण्याचा तलाव आहे, पहिल्या आणि आठव्या मजल्यावर व्यायामशाळा. शहरातल्या सरकारी शाळांच्या स्पर्धांत २००८पासून क्रिकेटही आहे, मला वाटलं होतं तो तिकडेच वळेल. पण बाबांनी त्याला खासबागेच्या कुस्ती मैदानात नेलं होतं ना, शाहू महाराजांच्या गोष्टी सांगत. ते डोक्यात राहिलं. पहिल्या आठवड्यात अंग एवढं दुखत होतं की जिना चढवेना. मी तेल लावून पाठ चोळली. चौदा वर्षांचा घोडा, पण तुझ्यासारखं "आई गं" म्हणतो.

आणि सभागृह. ३ हजार माणसं बसतील एवढं, बाल्कनीसकट. पालकांच्या सभेला आम्ही गेलो तेव्हा आत शिरल्यावर सोनूनं माझा हात धरला, कितीतरी वर्षांनी. म्हणाला, "आजीच्या केशवरावसारखं आहे." तू त्याला केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकाला नेलं होतंस, तिथल्या आगीच्या आधीच्या वर्षी. त्यानं तेव्हा काय पाहिलं ठाऊक नाही, पण तो बँडमध्ये गेला नाही, गायनातही नाही. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलांत गेला. नाटकाच्या वेळी वर अंधारात बसून दिवे सांभाळायचे. केशवराव पुन्हा उभं राहतंय ना, त्याचे फोटो काढून पाठव, त्याला रंगमंचाच्या वरची बाजू बघायची आहे.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, शाळा चांगली आहे, मान्य, पण आमचं काय. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. २०१९च्या पुरात तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर होता आणि मी इथे टीव्हीसमोर, ते मी विसरलेले नाही. नववीतून उचलून आणला असता तर त्याला मराठी लिहिण्यापासून सुरुवात करावी लागली असती, बोर्डाच्या तोंडावर. हे कारण खरं आहे. पण खरं सांगायचं तर मला त्याच्या हातून ती शाळा काढून घेववली नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही काढून घेतली नसती, बाबा. म्हणून तुमच्यावरच रागावून, तुमच्याच आधारानं हा निर्णय घेतलाय.

जूनच्या अखेरीस इथली शाळा सुटते. सोनू आणि मी जुलै-ऑगस्ट, दोन्ही महिने कोल्हापुरात. वरच्या मजल्यावरच राहू. पडदे शिवून घे, आई.

आता ऐका. बाथरूममध्ये धरायचे दांडे याच महिन्यात बसवून घ्या, दादाला मी पैसे पाठवलेत, "बघू" नको. गॅस गिझर चालू असताना खिडकी उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी. आईची तीन महिन्यांची साखर डिसेंबरात तपासायची आणि रिपोर्टचा फोटो मला, फक्त "नॉर्मल आहे" असा निरोप नको. बाबा, अंधार पडल्यावर स्कूटर नाही. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. आणि बँकेतून बोलतोय म्हणून कुणाचाही फोन आला तर ठेवून द्यायचा, कितीही गोड बोलू दे.

माझ्यावर रागावलात तर रागवा, पण रविवारचा फोन चुकवू नका.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, तुम्ही मला पाचवीत केलेला तो ॲल्युमिनियमचा हत्ती माझ्या टेबलावर आहे. सोनूला त्याचा लाकडी पॅटर्न हवाय. धातू थंड होताना आकसतो म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो, हे तुम्ही सांगितलं होतंत. नक्की किती आकसला, ते त्याला दोन्ही शेजारी ठेवून मोजायचंय. माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत असेल. तुम्ही स्टुलावर चढू नका. जुलैत तो येऊन काढेल.