घुबड आपले, फोटो परका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर घुबडांची चोरटी विक्री होते, ही बातमी आपल्या सोलापूर आवृत्तीत वाचली. बातमी हवीच होती. सोबतचा फोटो मात्र आपल्याकडच्या घुबडाचा नव्हता.

काळपट तोंड, डोळ्यांभोवती चष्म्यासारख्या पांढऱ्या रेघा, डोके गुळगुळीत. हे अमेरिका खंडातले चष्मेवाले घुबड. दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या उष्ण, दाट जंगलांत ते राहते आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालते. त्याच्या पिल्लाचा थाट नेमका उलटा: अंग पांढरेशुभ्र, तोंड काळे. पक्षी देखणा आहे, वाद नाही. पण वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या माळावर त्याचे काय काम?

इथले मोठे घुबड म्हणजे शृंगी घुबड. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे दोन तुरे, डोळे नारिंगी. आमच्या शेतालगतच्या बंद दगडखाणीत एक जोडी आहे. घरटे असे नाहीच, कपारीतल्या मातीवरच अंडी. दिवस मावळला की खाणीच्या काठावरून 'बू-बोऽऽ' ऐकू येते. गेल्या वर्षी ज्वारी हुरड्यात असताना कपारीखाली त्याने ओकलेल्या गोळ्या सापडल्या. अंगठ्याएवढी एक गोळी पाण्यात भिजवून सोडवली, तर करड्या केसांच्या गुंत्यात उंदराच्या दोन कवट्या निघाल्या, पिवळे दात शाबूत!

आमची आजी म्हणायची, घुबडाला दगड मारू नये. ते तो उचलून नदीत उगाळते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. अंधश्रद्धाच, पण त्या भीतीने पोरांचे हात तरी आवरायचे.

जादूटोणा करणाऱ्यांची मागणी जास्त असते ती याच शिंगवाल्या घुबडांना. उद्या बाजारात कुणाच्या पोत्यात असे घुबड दिसले, तर आपला फोटो पाहिलेला वाचक म्हणेल, 'हे ते नव्हे', आणि पुढे जाईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणे-विकणे गुन्हा आहे, तक्रारीसाठी वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, हेही बातमीत यायला हवे होते.

कृपया खुलाशासोबत शृंगी घुबडाचा फोटो छापावा. नसेल तर माझ्याकडचा पाठवतो. संध्याकाळी काढल्यामुळे जरा हलला आहे, पण शिंगे स्पष्ट दिसतात.

आपला,
एक शेतकरी वाचक, उत्तर सोलापूर